चौकशीमावशी आणि माझी दाढ

गयाबाई वाघमारे यांच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले ती मीठ मागायला. लग्न होऊन नांदेडला येऊन चारच दिवस झाले होते. वरणाला फोडणी दिल्यावर लक्षात आलं, की घरात मीठच नाही. समोरचं दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईंच्या एका हातात चमचा होता आणि दुसऱ्या हातात मिठाची बरणी. चेष्टा नाही, खरंच मिठाचीच बरणी. मी म्हटलं, "मावशी, थोडं मीठ आहे का?"

बाई म्हणाल्या, "थांब, बघून सांगते." मग गळ्यातल्या दोरीचा चष्मा नाकावर चढवला, बरणीचं झाकण काढलं, आत डोकावल्या, बरणी एकदा हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "हाय."

मला वाटलं, नवी सून बघून टिंगल चालली आहे. घरी येऊन फणकाऱ्याने नवऱ्याला सांगितलं. दीपक लग्नाच्या आधीपासून त्या बिल्डिंगमध्ये राहत होता. तो हसत म्हणाला, "अगं, त्या चौकशीमावशी. त्यांना स्वतःचं नाव विचारलंस तरी त्या बघूनच सांगतील."

गयाबाई तीस वर्षं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत होत्या. पुढे जाळी, हाताशी माइक, एका बाजूला गाड्यांच्या वेळांची जाडजूड वही आणि दुसऱ्या बाजूला थेट कंट्रोलरच्या खोलीत वाजणारा फोन. देगलूरची गाडी लागली का, किनवटची गेली का, लोह्याची येणार का, हे तीन प्रश्न त्यांना रोज दोनशे वेळा विचारले जात आणि दोनशे वेळा त्या वही उघडून, फोन लावून, मगच उत्तर देत. लोक कातावायचे. "बाई, आत्ता तर त्या माणसाला सांगितलंत, तेच मला सांगा ना." त्यावर मावशी म्हणत, "त्याला सांगितलं त्याला दोन मिनटं झाली. दोन मिनटात गाडी पंक्चर व्हत न्हाई काय?"

रिटायर झाल्या, पण खिडकी काही सुटली नाही. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी जिन्यात उघडत होती. तिच्याआड स्टूल टाकून त्या बसत आणि जाणारा येणारा सवयीने विचारत जाई. नळ कधी येणार, गॅसवाला येऊन गेला का, वरच्या मजल्यावरचे गुरुजी घरात आहेत का. मावशी उठायच्या, नळ सोडून बघायच्या, गुरुजींचं दार वाजवायच्या आणि परत येऊन सांगायच्या, "हायत. पण आंघोळीला गेलेत." त्यांचा आवाज माइकवर घडलेला. कुजबुजल्या तरी तळमजल्यावर ऐकू जायचं. एकदा भरदुपारी सगळ्या बिल्डिंगने ऐकलं, "दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लक्ष द्यावं, तुमचं दूध उतू चाललंय." त्या बाई अजूनही म्हणतात, की वास जिन्यात यायच्या आधी मावशींना कसं कळलं ते त्यांना कळलेलं नाही.

घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली ओळीने तीन घड्याळं. तिन्हींत वेळ वेगळी. मी विचारलं, "मावशी, बरोबर कोणतं?" म्हणाल्या, "एकच घड्याळ असलं की माणूस डोळे झाकून भरवसा ठेवतो. तीन असले की इचार करतो." आणि एक सवय सांगायची राहिली. बाई काहीही कडक खात नसत. शेंगदाणे खलात कुटून, भाकरीचा पापुद्रा कालवणात भिजवून, चिवडासुद्धा कुटून. मी नवलाने पाहिलं तर म्हणत, "मला असंच गोड लागतं." मीही तेव्हा न बघताच विश्वास ठेवला.

ही बघून सांगण्याची खोड कुठून लागली, ते त्यांनी मला एकदा मेथी निवडताना सांगितलं. नोकरीला लागून महिनाच झाला होता. नवरात्राची गर्दी, आणि लोह्याकडची एक बाई रेणुकेची ओटी भरायला माहूरला निघालेली. हातात खण, नारळ, तांदूळ. तिने विचारलं, माहूरची गाडी कुठं लागते? मावशींना वाटलं, आपल्याला तर पाठ आहे. वही न उघडता त्यांनी सांगितलं, "पाच नंबर." त्या दिवशी गाड्यांच्या जागा बदललेल्या होत्या. पाच नंबरला धर्माबादची गाडी उभी होती. बाईला वाचता येत नव्हतं. ती बसली आणि थेट धर्माबादला उतरली. माहूर एकीकडे, धर्माबाद दुसरीकडे.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. दुसऱ्या दिवशी ती बाई खिडकीला आली. मला वाटलं, आता चप्पल काढती. तर तिनं जाळीतून खोबऱ्याचा तुकडा आत दिला. म्हणली, धर्माबादंला एक देवीचं देऊळ भेटलं, तिथंच भरली ओटी. देवी समदीकडं एकच. परसाद घ्या." मावशी मेथीची काडी मोडत थांबल्या. "मी काय देवीला जात न्हाई, पोरी. पण त्या बाईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापसून ठरवलं, बघितल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई."

तर अशा बाईंच्या शेजारी राहत असताना मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात माझी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली.

पहिले दोन दिवस मी मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. तिसऱ्या दिवशी दीपक मला एका दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाला, तर जिन्यात खिडकी उघडली. "कुठं चालले?" आणि दोन मिनिटांत मावशी पदर खोचून, पिशवी घेऊन आमच्या पुढे. "पोटुशी बाई एकटी जाती काय?" दीपक म्हणाला, "मी आहे ना, मावशी." मावशी म्हणाल्या, "तू हायस. पण तू विचारत न्हाईस."

दवाखाना पांढराशुभ्र होता. भिंतीवर हसणाऱ्या बाईचं एवढं मोठं चित्र होतं, की तिला बत्तीसच्या जागी चाळीस दात असावेत. डॉक्टर तरुण, देखणे आणि घाईत. मी आ केला. त्यांनी दिवा मारला, दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "ही दाढ काढून टाकू. शेजारच्या दोन्ही पण किडायला लागल्यात, त्या पण आत्ताच उरकून घेऊ. आज वेळ आहे माझ्याकडे."

मी घाबरून म्हटलं, "डॉक्टर, मला पाचवा महिना आहे."

"काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. ते तोवर हात धुवायला लागलेही होते.

कोपऱ्यातून मावशींचा आवाज आला. "डॉक्टर, ती कितवा महिना म्हणली?"

"अं?"

"आत्ता बोलली की ती. कितवा म्हणली?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. जरा विचार करून म्हणाले, "तिसरा?"

मावशी उठल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "आमी इचार करून येतो." बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून एक वही काढली. स्टँडवरची सवय, वहीशिवाय त्या कुठे जात नसत. नव्या पानावर डॉक्टरांचं नाव लिहिलं, ते काय म्हणाले ते लिहिलं आणि समोर एक ठसठशीत 'न' काढला. न म्हणजे न बघता. बघून सांगितलं असतं तर 'ब'.

दीपक म्हणाला, "मावशी, तो शिकलेला माणूस आहे."

"मी कुठं म्हणले अडाणी हाय. बरोबर असंल बी त्याचं. माझं पाच नंबर बी कधीमधी बरोबर यायचं."

मला त्या वेळी हसू येत नव्हतं. दाढेचं दुखणं मी सोसलं असतं. पण पोटातल्या जिवाची इतकी धास्ती बसली होती, की काही केलं तर त्याला होईल आणि काही नाही केलं तरी त्याला होईल, या दोन वाक्यांच्या मध्ये माझा सारा दिवस जायचा. दीपकने मोबाइलवर शोधलं. अर्धा मोबाइल म्हणाला करा, अर्धा म्हणाला करू नका. मावशींनी तो मोबाइल हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "ह्यानं तुझं तोंड बघितलं काय?" लातूरहून आईचा फोन आला. ती म्हणाली, गर्भारपणात दाढ काढली की लेकराला दात उशिरा येतात, तू मुकाट्याने इकडे ये, आपल्या डॉक्टरांना दाखवू. मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला. "ताई, येतो आमी. पर तुमच्या डॉक्टराला पयला डॉक्टर काय म्हणला ते सांगू नका. सांगितलं की दुसरा एकतर मान डोलवतो न्हाईतर भांडतो. दोन्हीमंदी त्यो बघत न्हाई."

दीपकला रजा नव्हती. म्हणून मी आणि मावशी बसने लातूरला निघालो. ही गोष्ट मी कुणाला सांगितली तर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण जिथे त्यांनी तीस वर्षं काढली त्याच स्टँडवर आम्हाला लातूरची गाडी मिळायला पाऊण तास लागला. एक गाडी समोरच उभी होती, लातूरची पाटी लावलेली. मावशी म्हणाल्या, "पाटी काय, कुणी बी लावतं." त्यांनी मला खिडकीला पाठवलं, मग स्वतः कंडक्टरला विचारलं, मग बाकावर डबा घेऊन बसलेल्या एका बाईला विचारलं. तिसरं का, असं मी विचारलं. "डबा घेऊन बसलेली बाई रोजची असती. तिला समद्याहून जास्ती मालूम असतं." तोवर ती समोरची गाडी निघून गेली. डबेवाली बाई म्हणाली, "लातूरचीच होती की ती." मावशींनी मान हलवली. "आता खात्री झाली."

लातूरचे डॉक्टर म्हणजे माझ्या दुधाच्या दातांपासूनचे. वय सत्तरीच्या पुढे, तोंडात साखर. मला बघताच म्हणाले, "अरे वा, कितवा?" मी म्हटलं, पाचवा. "मग काही करायचं नाही. बाळंतपण होऊन जाऊ दे, मग ये. तोवर दाढेखाली लवंग धरायची." आणि त्यांनी आईकडे तिच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली.

मावशींच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. पायऱ्या उतरताना त्या तीन वेळा म्हणाल्या, "देवमाणूस." देव न मानणाऱ्या बाई तीन वेळा देवमाणूस म्हणाल्या. घरी आईच्या हातची पुरणपोळी दुधात कुस्करून खाल्ली, आईला म्हणाल्या, "काय बी करायचं न्हाई, ह्याच्यावानी इलाज न्हाई." मलाही हलकं वाटलं. दोन रात्री माहेरी काढल्या, लवंगा चघळल्या आणि परत निघालो.

परतीच्या वाटेवर लोह्याला गाडी चहाला थांबली. मावशींनी वही काढली. लातूरच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं, काय म्हणाले ते लिहिलं आणि पेन हवेतच राहिलं. चहावर साय धरली तरी पेन हवेतच.

"लिहा की, मावशी. ब लिहा," मी म्हटलं.

"त्यांनी तुला आ कर म्हणलं काय?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"दिवा लावला?"

"नाही. पण मावशी, ते मला लहानपणापासून ओळखतात."

"मी बी माहूरची गाडी लहानपणापसून वळखत होते." त्यांनी खाली मान घातली आणि अगदी हळू, हात जड झाल्यासारखा, 'न' काढला. मग म्हणाल्या, "माझी लई इच्छा होती गं, ब लिहायची."

मला राग आला. जाऊन-येऊन सहा तासांचा प्रवास, दुखणारी दाढ, आणि चांगलं उत्तर मिळालेलं असताना ही बाई ते खोडून काढते आहे. मी म्हटलं, "तुमच्या या वहीपायी माझं बाळ खुळं व्हायचं." नांदेड येईपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मावशी खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात आपल्याच गालावर होता. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

दोन दिवसांनी सकाळी उठले तर माझा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता. आरशात बघून मी रडायलाच लागले. दार उघडलं, तर मावशी पिशवी घेऊन उभ्याच होत्या. बहुतेक जिन्यातूनच रडणं ऐकलं असावं. म्हणाल्या, "चल. एक राहिली हाय."

ही तिसरी डॉक्टरीण एका टेलरच्या दुकानावर बसायची. खोली लहान, खुर्च्या चार, चित्रबित्र काही नाही. वयाने माझ्याएवढीच असेल. तिने आधी मला पाणी दिलं. मग विचारायला लागली. कितवा महिना, कोणत्या गोळ्या चालू आहेत, बीपी किती असतं, ताप आहे का, पहिलीच वेळ का, बाळंतपणाच्या डॉक्टर कोण. मावशी भिंतीशी ताठ बसल्या होत्या. डॉक्टरीण लिहीत होती आणि तिच्यामागे मावशीही आपल्या वहीत लिहीत होत्या. मग दिवा, आरसा, एकेका दातावर हलकेच टकटक. गळ्यापासून पोटाच्या खालपर्यंत जड झगा घालून त्या एका दाढेचा एक्स-रे फोटो. फोटो बघून ती म्हणाली, "थांबा, तुमच्या मॅडमशी बोलून सांगते," आणि तिने फोन उचलला.

मावशी माझ्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या. म्हणजे खालच्या टेलरलाही ऐकू गेलं. "फोन लावला तिनं."

पलीकडच्या मॅडम पेशंट बघत होत्या. ही बाई कानाला फोन लावून चांगली दहा मिनिटं उभी राहिली. मावशींची नजर तिच्यावरून हलली नाही. आपल्या जागेवर कोणी नवीन माणूस आलं आणि त्याने काम नीट केलं, म्हणजे जुन्या माणसाला जे वाटतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

फोन ठेवून डॉक्टरीण म्हणाली, "दाढेच्या मुळाशी पू झालाय. बाळंतपणापर्यंत थांबायचं नाही, ते तुम्हालाही चांगलं नाही आणि बाळालाही. पण दाढ काढायचीही गरज नाही. वरून उघडून पू काढू, आतली नस साफ करू. हा महिना त्यासाठी बरा आहे. शेजारच्या दोन दाढांना मात्र आत्ता हात लावायचा नाही. त्या थांबू शकतात."

मावशींचा चेहरा पडला. त्यांना 'काही करायचं नाही' हेच ऐकायचं होतं, ते मला तिथे स्वच्छ दिसलं. त्या पुढे सरकल्या. "भूल देतेस ती लेकरापोतर जाती काय?"

मला वाटलं, डॉक्टरीण 'काही होत नाही' म्हणणार. ती म्हणाली, "नीट सांगते, मावशी." आणि तिने सगळं सांगितलं. कोणतं इंजेक्शन, किती, का चालतं, कोणतं चालत नाही, गोळ्या कोणत्या देणार आणि कोणत्या देणार नाही. मावशींनी एकूण अकरा प्रश्न विचारले. बाराव्याला डॉक्टरीण म्हणाली, "हे मला माहीत नाही. विचारावं लागेल."

मावशींनी वही मिटली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बस खुर्चीत, पोरी." वहीत काय लिहिलं ते बघायची गरज नव्हती.

डॉक्टरिणीने माझ्या उजव्या कुशीखाली छोटी उशी सरकवली, म्हणजे मी जरा डावीकडे कलले आणि पोटाचा भार पाठीवर आला नाही. मावशींनी माझे पाय धरले होते. सुई बाहेर निघाली आणि मला धप्प असा आवाज ऐकू आला. मी डोळे उघडले तर मावशी दिसेनात. त्या खाली बसल्या होत्या, सगळी हवा गेल्यासारख्या. मग डॉक्टरीण आणि तिची मदतनीस दोघी मिळून मावशींना पाणी पाजतायत, पाय वर करतायत, वारा घालतायत आणि मी तोंडात कापूस घेऊन खुर्चीत बसून विचारतेय, "मावशी, बरं वाटतंय का?" मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "थांब. बघून सांगते."

त्या आडव्या असतानाच डॉक्टरिणीचं लक्ष गेलं. "मावशी, तुमचाही उजवा गाल सुजलाय का?"

"न्हाई. जन्मापसून असाच हाय."

घरी येताना मी रिक्षात विचारलं तेव्हा खरं निघालं. अकरा वर्षं झाली होती. उजवीकडच्या दाढा दुखत, सुजत, बऱ्या होत, परत दुखत. अकरा वर्षं बाई डावीकडूनच चावत होत्या आणि शेंगदाणे कुटून खात होत्या. साऱ्या बिल्डिंगला दुसऱ्या डॉक्टरला विचारा म्हणून सांगणाऱ्या या बाईने स्वतःसाठी पहिल्या डॉक्टरलाही विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "भीती वाटते ना?"

"भ्यायला काय झालं. निस्तं तिकडून चावत न्हाई."

म्हणजे लोह्याच्या चहाच्या टपरीवर 'ब' लिहायला त्यांचा जीव का तुटत होता, ते मला त्या रिक्षात कळलं. 'काही करायचं नाही' हे उत्तर त्यांनी अकरा वर्षं स्वतःला दिलेलं होतं. तरीही माझ्या बाबतीत त्यांनी ते खोडलं. मी बसमध्ये बोलले त्याबद्दल माफी मागितली, तर म्हणाल्या, "ते जाऊ दे. दाढ कशी हाय ते सांग." मी सांगणार, तर म्हणाल्या, "आधी जीभ लावून बघ, मंग सांग."

मुलगी झाली. सातव्यात माहेरी लातूरला गेले होते ती तीन महिन्यांचं बाळ घेऊनच नांदेडला परतले. मावशींनी तिला खिडकीतूनच घेतलं, पायाची बोटं मोजली, हाताची मोजली, कानामागे बघितलं आणि जाहीर केलं, "समदं हाय." दुसऱ्याच आठवड्यात मी उरलेल्या दोन दाढांसाठी त्या डॉक्टरिणीकडे निघाले. बाळ बरोबर होतं, म्हणून मावशींना बोलवायला दार वाजवलं तर कुलूप.

एकटीच गेले, टेलरच्या दुकानाचा जिना चढले आणि पाहते तर दाराजवळच्या पहिल्या खुर्चीत मावशी. चष्मा नाकावर, वही मांडीवर. एक माणूस वाकून विचारत होता, "नंबर कधी येईल?" आणि मावशी सांगत होत्या, "तुमच्या आधी दोघं. एकाची निस्ती तपासणी, एकाची कॅप. थांबा, बघून सांगते."

मी मदतनीस मुलीला हळूच विचारलं. ती तोंड दाबून हसायला लागली. "मावशी तीन महिने झाले, दर गुरुवारी येऊन राहिल्यात. नंबर लावतात. नंबर आला की म्हणतात, ह्यांना जाऊ द्या, लांबून आलेत. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. डॉक्टर म्हणतात, राहू दे, त्यांच्यामुळे मला कुणी आत डोकावून त्रास देत नाही."

तेवढ्यात आतून हाक आली. "गयाबाई वाघमारे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू पसरलं. "हिला घ्या आधी. हिच्याजवळ लेकरू हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले. "मावशी, तुमची दाढ कशी आहे?"

"चांगली हाय. आता कायबी दुखत न्हाई."

"बघून सांगताय का न बघता?"

मावशी वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिल्या. जिन्यात खालच्या टेलरच्या मशिनीचा आवाज येत होता. बाळाने त्यांच्या चष्म्याची दोरी धरली, ती त्यांनी हळूच सोडवली. मग चष्मा काढला, वहीवर ठेवला, वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जागा धरून ठेव." आणि आत गेल्या. दाराबाहेर त्यांच्या चपला राहिल्या, एक सरळ आणि एक उलटी पडलेली.

त्यानंतर आठच दिवसांत दीपकची लातूरला बदली झाली. त्या धावपळीत मावशी धर्माबादला लेकीकडे आराम करायला गेल्या आणि आमची भेट राहिलीच. फोन होतो. मी विचारते, "मावशी, बऱ्या आहात का?" आणि पलीकडे कितीतरी वेळ कुणी बोलत नाही, कारण बाई बघत असतात. पण डोळ्यांसमोर म्हणाल तर त्यांचं शेवटचं चित्र माझ्याकडे आहे ते त्या गुरुवारचंच.

मावशी आत गेल्याला पाच मिनिटं झाली असतील. लोह्याकडून आलेले एक आजोबा माझ्याकडे वाकले. वही माझ्या मांडीवर होती, म्हणून त्यांना मी दवाखान्यातलीच वाटले असणार. "बाई, आत लई येळ लागंल काय?"

मला पटकन सांगता आलं असतं. मी म्हटलं, "थांबा, आजोबा, बघून सांगते." बाळाला कडेवर घेतलं आणि दार बोटभर उघडलं. दिवा लागलेला होता. मावशी खुर्चीत आडव्या होत्या, डोळे घट्ट मिटलेले, तोंड मात्र सगळं उघडं, आणि उजव्या हाताचं एक बोट प्रश्न विचारल्यासारखं वर. डॉक्टरीण त्यांच्या उशाशी फोन कानाला लावून उभी होती.

मी दार लोटलं. आजोबांना म्हटलं, "लागेल वेळ. त्या विचारून राहिल्यात."